मुंबईच्या दारीं आलेल्या दोन लाटा

शिवाजी पार्कच्या मैदानावरून पश्चिमेकडे थोडी वाट चाललें, कीं दादरची चौपाटी लागते. तेथें वाळूवर उभें राहून उत्तरेकडे दृष्टि टाकिली, तर माहीमच्या उपसागरापलीकडे वांद्र्याचें टोंक दिसतें. सन १८८३ मध्यें हें मैदान नव्हतें. तें १९२५ मध्यें नगरपालिकेनें खुलें केलें आणि १९२७ मध्यें त्यास शिवछत्रपतींचें नांव मिळालें. परंतु समोरचा समुद्र तोच होता. आणि त्या १८८३ सालच्या ऑगस्टच्या अखेरीस पलीकडच्या वांद्र्याच्या किनाऱ्यावर जो चमत्कारिक प्रकार घडला, त्यापासूनच या विषयास आरंभ करणें सोयीचें आहे.

नारळी पौर्णिमा होऊन आठदहा दिवस लोटले होते. भरती नेहमीच्या वेळीं, नेहमीच्या रीतीनें आली. परंतु थोड्याच वेळानें पाणी एकाएकीं मोठ्या वेगानें मागें हटलें. मासळीला पाण्याबरोबर परतण्यास अवसर मिळाला नाहीं, आणि चांगले मोठे मासे कोरड्या वाळूवर तडफडत राहिले. कोळ्यांपैकीं लहानथोर सर्वांनीं ते आयते वेंचून घेतले. असें पूर्वीं कधीं पाहिलें नाहीं कीं ऐकिलें नाहीं, असें जुनीं माणसें म्हणत होतीं. त्या वेळच्या वृत्तपत्रांत ही हकीकत आली, ती एक नवल म्हणून. त्या दिवशीं कोणाच्या घरीं अनायासें कालवण शिजलें असेल, त्याला हे मासे कोठल्या प्रलयानें आपल्या दारीं टाकिले याची कल्पना कोठून असणार!

तो प्रलय येथून सरळ रेषेनें पावणेतीन हजार मैलांवर झाला होता. जावा व सुमात्रा यांमधील सुंदाच्या सामुद्रधुनींत क्राकाटोआ नांवाचें बेट होतें. २७ ऑगस्ट १८८३ रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास त्याचा शेवटचा स्फोट झाला आणि बेटाचा मोठा भाग समुद्रांत गडप झाला. त्यामुळें उसळलेल्या लाटा जवळच्या किनाऱ्यांवर शंभर फुटांपर्यंत चढल्या. छत्तीस हजारांहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांपैकीं बहुतेकांचा बळी अग्नीनें नव्हे तर पाण्यानें घेतला. ज्वालामुखी म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तप्त रसाचा लोट येतो. परंतु समुद्रकांठच्या ज्वालामुखीचें खरें हत्यार पुष्कळदां पाणी हेंच असतें.

मुंबईनें या घटनेची दुहेरी नोंद घेतली होती. अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीओहोटी मोजण्याचें यंत्र चालू होतें. हिंदुस्थानच्या सर्व्हे खात्यांतील मेजर बेअर्ड यांनीं अशा बंदरोबंदरींच्या यंत्रांवरून या लाटांचा अहवाल लिहिला व तो १८८४ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें ठेविला. दुसरी नोंद कुलाब्याच्या वेधशाळेंतील वायुभारमापकाची. समुद्राची लाट पोंचण्यापूर्वींच हवेची लाट येथून निघून गेली होती. इतकेंच नव्हे, तर ती पृथ्वीला प्रदक्षिणा घालीत पुन्हां पुन्हां परतली. १८८८ मध्यें रॉयल सोसायटीनें क्राकाटोआवर जो मोठा ग्रंथ काढिला, त्यांत देशोदेशींच्या अशा नोंदींची तुलना आहे. वांद्र्याच्या वाळूवरील मासे आणि कुलाब्याच्या कागदावरील एक वांकडी रेघ हीं एकाच गोष्टीचीं दोन टोंकें होतीं, हें कळण्यास असे ग्रंथ व्हावे लागले.

आतां प्रश्न असा, कीं मुंबईनें ज्वालामुखीच्या लाटेला कितपत भ्यावें? आपल्या पायांखालचा खडक ज्वालामुखीचाच आहे, हें खरें. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे ते उभे काळे खांब किंवा वरळीच्या खडकांत सांपडलेले बेडकांचे अश्मीभूत अवशेष त्याची साक्ष देतात. परंतु ती भट्टी साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या सुमाराची. ती केव्हांच विझली. हिंदुस्थानांतील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानांतील बॅरन बेटावर आहे. तो १८३२ नंतर दीर्घ काळ निद्रिस्त राहून १९९१ मध्यें पुन्हां जागा झाला. परंतु त्याच्या व आपल्यामध्यें सबंध द्वीपकल्प आडवें पडलें आहे.

शिवाय या लाटांचा स्वभावहि ध्यानांत घ्यावा. डोंगराचा कडा ढासळून किंवा स्फोटानें उठलेली लाट उगमापाशीं भयंकर असते, पण ती आंखूड असल्यामुळें दूर जातां जातां तिचा जोर लवकर ओसरतो. २२ डिसेंबर २०१८ रोजीं क्राकाटोआच्या जागीं नव्यानें वर आलेल्या ‘अनाक क्राकाटाऊ’ची एक बाजू समुद्रांत कोसळली, आणि सुंदाच्या किनाऱ्यावर चारशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या रात्रीं इशारा मिळाला नाहीं. कारण इशारे देणारी यंत्रणा मोठ्या भूकंपाची वाट पाहणारी होती, आणि भूकंप झालाच नव्हता. तरी ती आपत्ति त्या सामुद्रधुनीपुरतीच राहिली. याला अपवाद हवेच्या लाटेचा. १५ जानेवारी २०२२ रोजीं टोंगाजवळील ज्वालामुखीच्या स्फोटानें हवेंत उठलेल्या दाबानें दूरदूरच्या समुद्रांत पाणी हलविलें, आणि सहा हजार मैलांवर पेरूच्या किनाऱ्यावर दोन स्त्रिया बुडाल्या. म्हणजे अंतर हें कांहीं पूर्ण अभयपत्र नव्हे. तरीहि एवढें म्हणण्यास हरकत नाहीं, कीं ज्वालामुखीची लाट मुंबईला १८८३ प्रमाणें पाहुणी म्हणूनच येईल. घरांत शिरणारी लाट दुसरीकडून येणार.

ती एकदां आलीहि आहे. मकराणच्या किनाऱ्यावर, हिंगळाजच्या यात्रेच्या वाटेवर, चंद्रकूप नांवाचा चिखलाचा ज्वालामुखी आहे. समुद्रकांठीं असलेला आणि आपल्याला त्यांतल्या त्यांत जवळचा ‘ज्वालामुखी’ हाच. देवीचें दर्शन घेण्यापूर्वीं यात्रेकरू त्याला नारळ वाहतात. परंतु तो अग्नि ओकीत नाहीं. भूगर्भांतील वायूच्या दाबानें नुसता चिखल वर येतो. खरें संकट त्याच्या खालीं, समुद्रतळाशीं, जेथें भूकवचाचा एक पट्टा दुसऱ्याखालीं घुसत आहे तेथें आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं पहाटे साडेतीनच्या सुमारास तेथें ८.१ प्रतीचा भूकंप झाला. समुद्रांतून चिखलाचीं नवीं बेटें वर आलीं, आणि तळ हलल्यामुळें उठलेली लाट सातशें मैल ओलांडून पांच तासांच्या आंत साष्टीच्या किनाऱ्यास लागली. सकाळचे सव्वाआठ झाले होते. पाणी साडेसहा फूट चढलें. वर्सोव्यास पांच व हाजीअलीस सहा माणसें गेलीं. एकंदर पंधरा जण वाहून गेले. दांडा व जुहू येथें होड्यांचे दोर तुटले.

वांद्र्याचे मासे मुंबईनें गंमत म्हणून कांहीं काळ आठविले असतील. हे पंधरा जीव मात्र फारच लवकर विसरले गेले. त्याचें कारण समजण्यासारखें आहे. तो काळच मोठ्या घडामोडींचा होता. परंतु २००४ च्या डिसेंबरांत ‘त्सुनामी’ हा जपानी शब्द घरोघरीं पोंचला, तेव्हां पुष्कळ मुंबईकरांना ही आपत्ति आपल्या किनाऱ्यास सर्वस्वीं अपरिचित वाटली, हें कांहीं चांगलें लक्षण नव्हे.

आणखी एक गोष्ट पंचांग उघडल्याशिवाय लक्षांत येत नाहीं. १८८३ ची लाट आली तेव्हां श्रावणाचा वद्य पक्ष अर्ध्यावर आला होता. १९४५ ची लाट आली तेव्हांहि कार्तिक वद्य अष्टमीच्या आसपासची तिथि होती. म्हणजे दोन्ही वेळां कोळी ज्याला भांग म्हणतात ते दिवस होते, उधाणाचे नव्हते. मुंबईस उधाणाच्या दिवशीं पाणी बारा फुटांच्या आसपास चढतें उतरतें. भांगांत त्याच्या निम्म्याहूनहि कमी. म्हणजे १९४५ ची साडेसहा फुटांची लाट मुळांतच बेताच्या पाण्यावर स्वार होऊन आली. तीच पौर्णिमेच्या पूर्ण भरतीच्या माथ्यावर आली असती, तर तिला दादरच्या वाळूवर थांबण्याचें कारण नव्हतें. धोक्याचें मोजमाप करणारे उगमाकडे पाहतात, वाटेकडे पाहतात. त्यांनीं तिथीकडेहि पाहिलें पाहिजे.

आणि तिथीबरोबर गर्दीकडेहि. गणपतीचें विसर्जन अनंत चतुर्दशीस, म्हणजे भाद्रपदी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीं, होतें. त्या दिवशीं समुद्र उधाणाच्या उंबरठ्यावर असतो आणि दादरच्या चौपाटीवर हजारों माणसें गुडघाभर पाण्यांत उभीं असतात. हैदराबादेस २००७ पासून त्सुनामीची सूचना देणारें केंद्र आहे; मकराणांत भूकंप झाला तर तेथें तो कांहीं मिनिटांतच कळेल आणि लाट येण्यास तीनचार तास उरतील. ते तास पुरेसे आहेत. परंतु हैदराबादेहून निघालेली ती सूचना ढोलताशांच्या आवाजांतून पाण्यांत उभ्या असलेल्या त्या शेवटच्या माणसाच्या कानीं कोणी घालावयाची, आणि पाणी एकाएकीं मागें हटूं लागलें तर मूर्ति तशीच सोडून मागें न पाहतां शिवाजी पार्काच्या दिशेनें धांवावयाचें, हें त्याला आधींच कोणी सांगून ठेवावयाचें?