तसबिरीतला माणूस आणि त्याचे नाव

वाचकहो, खानदेशात कुठल्याही जुन्या वाड्यात गेलात, तर बैठकीच्या भिंतीवर एखादी पिवळट पडलेली तसबीर दिसेल. डोईला पगडी, अंगात अंगरखा, एक हात खुर्चीच्या पाठीवर. ‘हे आमचे पणजोबा,’ असे घरचे लोक अभिमानाने सांगतील. पोशाख पणजोबांनी निवडला, पैसेही त्यांनीच मोजले. म्हणून नाव टिकले.

छायाचित्रणाची कला १८३९ साली युरोपात जाहीर झाली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. म्हणजे ही कला काही नुसत्या साहेबांची नव्हती.

पण राज्यकर्त्यांनी तिचा निराळाच उपयोग केला. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ लंडनला निघाला. त्यात चारशेंहून अधिक छायाचित्रे आहेत. बहुतेकांखाली माणसाचे नाव नाही, जातीचे किंवा जमातीचे आहे. शेजारी शेरा: ही जमात कष्टाळू, ती भांडखोर. बाजारात बैलाचे गुण सांगावेत तसे!

ही दृष्टी खानदेशाला नवी नव्हती. १८१८ साली इंग्रजांनी हा मुलूख घेतला, तेव्हा डोंगरातल्या भिल्लांनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. मग १८२५ साली जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. ज्यांना आवरायचे, त्यांना एकेक माणूस म्हणून न पाहता ‘जमात’ म्हणून पाहायचे, ही रीत कॅमेऱ्याच्या आधीची. कॅमेऱ्याने तिला पुराव्याचे रूप दिले.

आणि हा पुरावा तरी कितपत खरा? विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या लोकांवरच्या आपल्या ग्रंथात माणसे एकीकडे टिपली आणि मागचा देखावा दुसरीकडचा जोडला. चेहऱ्यांचा ताठपणाही स्वभावाचा नव्हे. ओल्या रसायनाच्या काचेपुढे काही सेकंद हलायची सोय नसे.

गुरुजनहो, मुलांना जुनी तसबीर दाखवाल तेव्हा तीन प्रश्न विचारायला लावा: ती कोणी काढली? कोणासाठी काढली? नाव कोणाचे लिहिले? आणि वाड्यातल्या तसबिरीत पणजोबांच्या मागे छत्री धरून कोणी गडी उभा असेल, तर त्याचेही नाव विचारा. नाही तर साहेबाने आपल्याला जसे पाहिले, तसेच आपण त्याला पाहिले असे होईल. गावात सांगणारे म्हातारे आहेत, तोवरच तसबिरीच्या पाठीवर पेन्सिलीने ते नाव लिहून ठेवा.