११ वर्षं कुणाला ऐकूच आलं नाही

जुलै २०२२. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातल्या एका रेकॉर्डवाल्या दुकानदाराने व्हिडिओ टाकला. त्याचं म्हणणं असं, की मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या 'मूळ टेपवरून' निघणाऱ्या रेकॉर्ड्समध्ये एक डिजिटल पायरी असते. थोड्याच दिवसांत कंपनीच्या इंजिनिअर्सनी ते मान्य केलं. टेपवरचा आवाज आधी डीएसडी फाइलमध्ये जायचा, मग रेकॉर्डवर कोरला जायचा. हे २०११ पासून चालू होतं!

या रेकॉर्ड्स म्हणजे अ‍ॅनालॉग भक्तांचा देव्हारा. काहींची किंमत १०० डॉलरच्या वर. ग्राहक कोर्टात गेले. त्यांचा राग रास्तच होता, कारण लपवाछपवी झाली होती. पण मधल्या ११ वर्षांत डिजिटल 'खरखरीतपणा' नेमका कोणाच्या कानाला टोचला?

मी दिवसभर बिट्सवरच पोट भरतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी धरा हवं तर. म्हणून २००७ चा मेयर आणि मोरान यांचा प्रयोग बघा. त्यांनी उच्च दर्जाच्या रेकॉर्डिंगच्या वाटेत गुपचूप सीडीच्या दर्जाची, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची पायरी घातली आणि लोकांना ओळखायला लावलं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही तेवढीच आली असती.

मग व्हॉल्व्हच्या प्रीअ‍ॅम्पची ती 'ऊब' खोटी का? अजिबात नाही. व्हॉल्व्ह मूळ स्वरात त्याचाच वरच्या सप्तकातला स्वर किंचित मिसळतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत हे डिस्टॉर्शन, पण कानाला गोड लागतं. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर तरी दुसरं काय करतो? तारेतले वरचे स्वर खुलवतो. फक्त याला 'जास्त खरा आवाज' म्हणू नका.

आणि पुष्कळदा भांडण मास्टरिंगचं असतं. २००८ मध्ये मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला. सीडीवर आवाज इतका दाबून चढवलेला, की चाहत्यांना 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममधली तीच गाणी बरी वाटली. दोन्हीकडे डिजिटलच, बरं का.

मोबाइल फिडेलिटी आता प्रत्येक रेकॉर्डच्या माहितीत टेपपासून कोरण्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या देते, डीएसडीसकट.