नागभीड परिसराची भूमी व ग्रामनामे : एक ऐतिहासिक विवेचन

एखाद्या प्रदेशाचा इतिहास लिहू इच्छिणारा अभ्यासक प्रथम ताम्रपट, शिलालेख, बखरी व सनदा यांच्याकडे वळतो. ही साधने ज्या प्रदेशात विरळ आहेत, तेथे इतिहासच नाही असा समज सहज रूढ होतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या ईशान्य भागातील नागभीड परिसर हा अशा प्रदेशांपैकी एक होय. नकाशावर तो अरण्यमय भाग म्हणून दाखविला जातो, आणि अरण्य म्हटले की मनुष्याच्या कर्तृत्वाचा विचार मागे पडतो. परंतु ह्या भूमीची रचना आणि तिच्यावरील गावांची नावे एकत्र ठेवून पाहिली असता अगदी निराळे चित्र समोर येते. हा भूप्रदेश निसर्गाइतकाच माणसाने घडविलेला आहे, आणि त्या घडणीचा दस्तऐवज ग्रामनामांत जतन झालेला आहे.

प्रथम भूमीचे स्वरूप ध्यानात घेणे अवश्य आहे. पूर्वेस ब्रह्मपुरी तालुक्यापलीकडे वैनगंगा वाहते; पश्चिमेस चिमूर व पेरजागड ह्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या डोंगररांगा आहेत. पेरजागडाला लोक ‘सातबहिणीचा डोंगर’ म्हणतात. ह्या दोहोंमधील भूमी सपाट नसून सौम्य चढउतारांची आहे. पाऊस बाराशे मिलीमीटरांहून अधिक पडतो. परंतु त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत येतो व उतारावरून लवकर निघून जातो. धानाच्या पिकाला नेमक्या वेळी उभे पाणी लागते. आश्विनात आभाळ कोरडे गेले तर लोंबी भरत नाही. म्हणून ह्या प्रदेशातील शेतीचा मूळ प्रश्न पाण्याच्या अभावाचा नसून पाणी अडवून धरण्याचा आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तलाव. दोन उंचवट्यांमधील उताराला आडवी मातीची पाळ घालावयाची, अधिक झालेले पाणी एका बाजूच्या सलंगावरून वाहू द्यावयाचे, आणि पाळीखालच्या बांध्यांना पाटाने पाणी द्यावयाचे, अशी ही योजना होय. लहान तलावास ‘बोडी’ म्हणतात. चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून गाव वसविणाऱ्यास त्या गावाचा अधिकार व तलाव बांधणाऱ्यास त्याखालील जमीन देण्याची प्रथा पाडली, अशी परंपरा असून तिचा संबंध विशेषतः हीरशहा राजाशी जोडला जातो. वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव बांधण्याचे कौशल्य कोहळी समाजाकडे होते. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथातही ह्या समाजाची ओळख तलाव बांधणारे व ऊस पिकविणारे अशीच दिली आहे.

आता ग्रामनामांकडे वळू. ह्या परिसरातील नावांचे स्थूलमानाने तीन थर पाडता येतात.

पहिला थर वृक्षांचा. पळसगाव, सावरगाव, कोसंबी, मोहाळी ही नावे अनुक्रमे पळस, सावर, कोसम व मोह ह्या वृक्षांकडे निर्देश करतात. वसाहत करणाऱ्याने गावाला आपले वा देवाचे नाव न देता, ज्या वृक्षाच्या आधाराने ती जागा ओळखली जात होती त्याचे नाव दिले. म्हणजे ही नावे गावाच्या आधीच्या अरण्याची साक्ष देतात. येथे मात्र व्युत्पत्तीच्या बाबतीत सावधगिरी हवी. ‘येनोली’ हे नाव घ्यावे. विदर्भात ऐन वृक्षाला ‘येन’ म्हणतात, तेव्हा त्यावरून हे नाव सुलभतेने लावता येते. पण गोंडीत ‘येनी’ म्हणजे हत्ती. दोन्ही शब्द ह्या भूमीत बोलले गेलेले आहेत. केवळ ध्वनिसाम्यावर निर्णय देणे शास्त्रास धरून होणार नाही. जेथे आर्यकुलातील व द्राविडकुलातील भाषा शतकानुशतके शेजारी नांदल्या, तेथे एकाच भाषेचा कोश हाती घेऊन नावे सोडविणारा अभ्यासक हमखास फसतो.

दुसरा थर पाण्याचा. ह्या भागातील झाडीबोलीत प्रमाण मराठीतील ‘ण’ व ‘ळ’ हे वर्ण आढळत नाहीत. ‘ण’च्या जागी ‘न’ व ‘ळ’च्या जागी सामान्यतः ‘र’ येतो. त्यामुळे तलावाची ‘पाळ’ ही ह्या बोलीत ‘पार’ होते. हा नियम ठाऊक नसलेला वाचक ‘पांजरेपार’सारख्या ग्रामनामातील उत्तरपदाचा अर्थ केवळ झाडाभोवतालचा पार असा करील. तो अर्थ अशक्य नाही. परंतु तलावांच्या ह्या प्रदेशात पाळीचा अर्थ प्रथम तपासला पाहिजे. बोलीचा एक ध्वनिनियम भूगोलाची एक खूण कशी उलगडतो, हे येथे दिसून येते.

तिसरा थर जमीनधारणेचा, आणि इतिहासकाराच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. चिंधी माल व चिंधीचक, वासाळा मक्ता, मोहाळी मोकासा अशी जोडनावे येथे वारंवार भेटतात. ‘माल’, ‘चक’, ‘मक्ता’, ‘मोकासा’ ही पदे वर्णनपर नसून ती जमीन कोणी, कोणत्या अटीवर धारण केली होती हे सांगणारी आहेत. मोकासा हा मराठेशाहीतील महसुली वाट्याचा शब्द. मक्ता म्हणजे ठराविक रकमेवर दिलेला करार. चक म्हणजे स्वतंत्र तोडून दिलेला भूखंड. जिल्ह्यातील अनेक गावांच्या नावापुढे येणारा ‘तुकूम’ हा शब्द परंपरेनुसार तलाव बांधण्याच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीचा वाचक आहे. ओसाड पडलेल्या गावास ‘रीठ’ म्हणतात. तेथे वस्ती उरली नसली तरी महसुली नोंदीत नाव राहते. गोंड, भोसले व इंग्रज ह्या तीन राजवटींचा क्रम अशा रीतीने नावांत साठलेला आहे.

हा प्रकार केवळ आपल्याकडचाच नव्हे. वेल्स देशाच्या डोंगरी खोऱ्यांत ‘हेंद्रे’ व ‘हावोद’ ह्या पदांची स्थलनामे विपुल आहेत. पहिल्याचा अर्थ जुने, म्हणजे हिवाळ्यातील घर. दुसऱ्याचा उन्हाळ्यात गुरे वर चारावयास नेल्यावर राहण्याचे घर. ऋतूनुसार स्थलांतर करण्याची ती पद्धत लोपली, पण नावे टिकली. त्याच देशातील त्रावेरिन खोऱ्यातील कापेल केलिन हे गाव लिव्हरपूल शहराच्या जलाशयासाठी १९६५ साली पाण्याखाली गेले, तेव्हा तेथील लोकांना घरांइतकीच नावांच्या नाशाची वेदना झाली. नाव हे जमिनीच्या उपयोगाची स्मृती असते, हे त्यांनी ओळखले होते.

नागभीड परिसरात ही स्मृती तीन टप्प्यांनी क्षीण झाली. १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजी अमलाखाली आले व १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. त्यानंतर मेजर लूसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याची जमाबंदी करून १८६९ साली तिचा अहवाल दिला. ह्या व्यवस्थेत मालगुजार गावाचा मालक ठरला. तरीही तलावाची डागडुजी आणि रयतेचा निस्तार, म्हणजे सरपण, चराई व पाणी यांचा हक्क, गावाच्या रिवाजाशी बांधलेला होता. दुसरा टप्पा रेल्वेचा. १९०८ साली नागपूर–नागभीड अरुंद रेल्वेमार्ग सुरू झाला आणि जंगलाचा माल दूरच्या बाजारास जोडला गेला. स्थानकाच्या इंग्रजी लेखनात अखेरच्या ‘ड’साठी ‘र’ आला, कारण स्वरानंतरच्या ‘ड’चा उच्चार इंग्रज कानास तसा वाटे. तो मार्ग रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद करण्यात आला. तिसरा टप्पा निर्णायक ठरला. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली. ते सर्वथा न्याय्य होते. पण तलाव शासनाकडे गेल्यावर पाळीवर दरवर्षी माती घालण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. ‘माजी मालगुजारी’ तलाव आज ‘मामा तलाव’ ह्या संक्षेपाने ओळखले जातात. ज्या संक्षेपात बांधणाऱ्याचा उल्लेख नाही व रिवाजाचाही नाही, तो संक्षेपच ह्या स्थित्यंतराचे सार सांगतो.

असे असले तरी ह्या भूमीतील कर्तृत्व आटलेले नाही. ह्याच तालुक्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे (निधन २०१८) यांनी १९८३ पासून आपल्या बांधीतील काही निराळ्या लोंब्या निवडून धानाचे जे वाण सिद्ध केले, ते एका लोकप्रिय घड्याळाच्या नावाने, ‘एचएमटी’ म्हणून, दूरवर पसरले. नाव पसरले, पण ज्या गावात व ज्या बांधीत ते घडले त्यांचा पत्ता त्या नावात नाही. पळसगावाच्या नावात पळस आहे. ह्या धानाच्या नावात नांदेड नाही. नाव आणि भूमी यांची फारकत कशी होते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

ग्रामनामांचा अभ्यास हा केवळ व्युत्पत्तीचा विरंगुळा नव्हे, हे येथे स्पष्ट व्हावे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत सामूहिक हक्कांचा पुरावा म्हणून निस्ताराच्या नोंदी, पारंपरिक विहिरी, स्मशाने व पवित्र स्थाने यांस स्थान दिलेले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली असे सामूहिक वनहक्क मिळाले. घोडाझरीच्या परिसरात २०१८ साली सुमारे १५९ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य घोषित झाले आहे; यामुळे वन व गाव यांच्या सीमेचा प्रश्न येथेही महत्त्वाचा ठरतो. कोणत्या बोडीला काय म्हणतात, कोणती टेकडी कोणत्या गावाच्या चराईची, कोणत्या रिठावर कोणाची वस्ती होती, ही माहिती आजवर वृद्धांच्या मुखी राहिली. ती बोलीच्या मूळ उच्चारासह, तिचे प्रमाणीकरण न करता, गाववार लिहून घेतली पाहिजे. ‘पार’ ऐकून ‘पाळ’ लिहिणारा नोंदकर्ता शुद्धलेखन साधील, पण पुरावा गमावील.

सारांश, ज्यास अरण्य म्हणून इतिहासाबाहेर ठेवले जाते, तो नागभीड परिसर तलाव बांधणाऱ्यांनी, जंगल तोडून वसणाऱ्यांनी आणि बांधी राखणाऱ्यांनी घडविलेला आहे. त्यांनी शिलालेख कोरले नाहीत. त्यांनी पाळी घातल्या आणि नावे दिली. पाळी झिजत आहेत. नावे अद्याप ऐकू येतात, तोवर ती नोंदवून घेणे हे भाषाशास्त्र व इतिहास ह्या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांचे समाईक कर्तव्य ठरते.