जुळ्या भावाची बोनमॅरो

ल्युकेमिया झालेल्याला जुळा भाऊ असला तर मी 'नशीबवान!' म्हटलं असतं. हुबेहूब तीच बोनमॅरो, शरीरानं नाकारायचा प्रश्नच नाही. इतिहास वाचला आणि गप्प झालो.

१९५६ साली इंग्लंडमध्ये बार्न्स आणि लाउटिट यांनी ल्युकेमियाच्या उंदरांना क्ष-किरण देऊन मज्जा टोचली. स्वतःच्याच वाणाची मज्जा मिळालेल्यांत रोग उलटला. परक्या वाणाची मिळालेले रोगातून सुटले, पण बिचारे खंगून मेले! पुढे माणसांतही दिसलं, की मायलॉइड ल्युकेमियात जुळ्याची मज्जा घेतल्यावर रोग उलटण्याचं प्रमाण इतर भावंडांच्या मज्जेपेक्षा जास्त. म्हणजे रोग मारत होत्या त्या दात्याच्या पेशीसुद्धा.

१९९० मध्ये म्युनिकच्या कोल्ब यांनी प्रत्यारोपणानंतर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया उलटलेल्या तिघांना मूळ दात्याच्या पांढऱ्या पेशी दिल्या, जोडीला इंटरफेरॉन. तिघांचाही रोग हटला. (२००१ मध्ये इमॅटिनिबची गोळी आली आणि या रोगात प्रत्यारोपणाची पाळी क्वचितच येऊ लागली, ते वेगळं.)

पण या पेशींना आपपर कळतं, रोगी-निरोगी नाही. माझ्या एका मित्राला धाकट्या भावाची मज्जा मिळाली. रोग गेला, डोळे आणि तोंड मात्र कायमचे कोरडे. "लहानपणीची भांडणं अजून काढतोय लेकाचा," म्हणतो, आणि डोळ्यांत थेंब घालतो.