लाल डगला, ब्रिटिश पायदळाचा

क्रिमियाचे युद्ध चालू असताना, १८५५ मध्ये, ब्रिटिश पायदळाने मागे शेपट्या असलेला आखूड कोट मोडीत काढला आणि मांडीपर्यंत घेर असलेला बनातीचा डगला, म्हणजेच ट्यूनिक, स्वीकारला. १९१४ पर्यंत संचलनाचा आणि समारंभाचा पोशाख तोच होता. महायुद्धानंतर तो मुख्यतः गार्ड्स पलटणी आणि लष्करी बँड यांच्यापुरता उरला.

ओळख कापडापासून सुरू करावी. अधिकारी व सार्जंट किरमिजी किड्यांच्या रंगातली लालभडक, दाट विणीची बनात वापरत. शिपायाचा डगला मंजिष्ठेच्या कुळातील मुळांनी रंगवलेला, विटकरीकडे झुकणारा असे. लालभडक कापड त्याला १८७० च्या दशकात मिळाले. अधिकारी स्वखर्चाने शिंप्याकडून डगला शिवून घेत, त्यामुळे आतल्या खिशात किंवा गळ्यापाशी शिंप्याची पट्टी आणि तीवर शाईने लिहिलेले मालकाचे नाव सापडू शकते. शिपायाच्या डगल्याच्या अस्तरावर मापाचे आकडे आणि सरकारी मालाची बाणाची खूण पाहावी.

कॉलर व मनगटाच्या वेगळ्या रंगाला फेसिंग म्हणतात. १८८१ च्या फेररचनेत ‘रॉयल’ पलटणींना निळा, इतर इंग्लिश व वेल्श पलटणींना पांढरा, स्कॉटिश पलटणींना पिवळा आणि आयरिश पलटणींना हिरवा रंग ठरला. पुढे काही पलटणींनी आपले जुने रंग परत मिळवले, म्हणून केवळ रंगावरून पलटण ठरवू नये. मुंबई लष्करातल्या अनेक देशी पलटणीही लाल गणवेश घालत. महाराष्ट्रातल्या जुन्या घरात निघालेला डगला गोऱ्या पलटणीचाच असेल असे नाही.

काळ ठरवायला अधिकाऱ्याची हुद्द्याची चिन्हे फार उपयोगी. १८८० पर्यंत ती कॉलरवर असत, नंतर खांद्यावरच्या गोफावर गेली. त्यातही १९०२ पर्यंत कॅप्टनला दोन तारे, लेफ्टनंटला एक आणि सेकंड लेफ्टनंटला एकही नसे. त्या वर्षी प्रत्येकाचा एक तारा वाढला. मुकुटाचा आकारही पाहावा. व्हिक्टोरियाच्या मुकुटाची कमान मध्यभागी खचलेली, तर १९०१ नंतरच्या राजांच्या मुकुटाची कमान गोल आणि उंच आहे. १९५३ च्या सुमारास खचलेली कमान परत आली. म्हणूनच एलिझाबेथच्या काळातला गार्ड्सचा डगला व्हिक्टोरियन म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो. गार्ड्सची पलटण मात्र पुढच्या गुंड्यांच्या मांडणीवरून चटकन कळते: ग्रेनेडियरच्या सुट्या, कोल्डस्ट्रीमच्या दोन-दोन, स्कॉट्सच्या तीन-तीन, आयरिशच्या चार-चार, वेल्शच्या पाच-पाच. इतर डगल्यांवर गुंड्यांचा पुरावा सर्वांत शेवटी घ्यावा, कारण त्या बदलणे सोपे. गुंडीमागचा दोरा नवा आणि कापडावर जुन्या टाक्यांची भोके दिसली, तर शंका घ्यावी.

जतनात सर्वाधिक नुकसान हौशी सफाईने होते. अधिकाऱ्याच्या डगल्यावरची जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ती काळवंडली की पॉलिश लावण्याचा मोह होतो. पण घासण्याने जातो तो मुलामा, आणि तो परत येत नाही. मुलाम्याच्या गुंड्यांचेही तेच. काळेपणा राहू द्यावा. डगला धुऊ नये, ड्रायक्लीनिंगलाही देऊ नये. व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळी बांधून, ओढ अगदी कमी ठेवून धूळ काढावी.

कसर हा बनातीचा खरा शत्रू. तिच्या अळ्या अंधाऱ्या, न हलवलेल्या जागी लोकर खातात: कॉलरखाली, काखेत, खांद्याच्या गोफाखाली. प्रादुर्भाव दिसल्यास डगला प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवावा आणि तो खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नये. नाहीतर दव धरते. डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नये. जुन्या संग्रहांत आर्सेनिकची पूडही वापरलेली असे, म्हणून हातमोजे घालूनच हाताळावे.

जड जरीचा डगला हँगरवर टांगला की खांद्याची शिवण ताणून फाटते. तो आम्लमुक्त कागदाच्या सैल गुंडाळ्या बाह्यांत आणि घड्यांत घालून, पेटीत आडवा ठेवावा. प्रदर्शनात प्रकाश ५० लक्सच्या आत असावा; डगल्यावर घालायच्या किरमिजी रेशमी पट्ट्याचा, म्हणजे सॅशचा, रंग प्रखर उजेडात लवकर उडतो. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बुरशीवर लक्ष ठेवावे लागते. फाटलेल्या जागी नवे टाके घालण्याआधी मूळ शिवणीचे छायाचित्र घ्यावे आणि खिशात सापडलेली चिठ्ठी, पावती किंवा सुटी गुंडी डगल्याबरोबरच, पण वेगळ्या पाकिटात ठेवावी.