‘आर’ प्रणालीतील एका गृहीताचा इतिहास

संख्याशास्त्रीय संगणकप्रणालींचे संशोधकावरील उपकार सर्वमान्य आहेत. परंतु त्या प्रणालींनाही इतिहास असतो व तो न जाणणाऱ्यास त्याचा दंड भरावा लागतो, हे तितकेसे लक्षात घेतले जात नाही. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांत आज विशेष रूढ असलेल्या ‘आर’ ह्या प्रणालीतील एका गृहीताचा वृत्तान्त ह्या दृष्टीने उद्बोधक ठरावा.

‘आर’ची पूर्वपीठिका ‘एस’ ह्या भाषेत आहे. सन १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी ह्यांनी तिचा आरंभ केला. पुढे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन ह्यांनी तिच्याच धर्तीवर ‘आर’ रचली, तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. संख्याशास्त्रज्ञाच्या लेखी तक्त्यातील शब्द म्हणजे बहुधा एखाद्या वर्गाचे नाव. यास्तव शब्दांचा स्तंभ वाचताच त्याचे ‘फॅक्टर’मध्ये, म्हणजे क्रमांक दिलेल्या वर्गांमध्ये, रूपांतर करावे असे गृहीत ठरले. त्या प्रयोजनापुरते ते सयुक्तिकच होते.

अडचण उद्भवते ती अन्यत्र. समजा, निवेदकांच्या जन्मवर्षांचा स्तंभ असा आहे : १९३१, १९४५, १९५८ आणि एका ठिकाणी ‘अज्ञात’. त्या एका शब्दामुळे सबंध स्तंभ वर्गांचा ठरे. पुढे त्याचे संख्यांत रूपांतर करण्याची आज्ञा दिली असता वर्षे न मिळता १, २, ३, ४ हे वर्गक्रमांक मिळत, आणि तेही कोणतीही सूचना न होता. सरासरी काढणाऱ्याच्या ध्यानी ही चूक येईल. सहसंबंध काढणाऱ्याच्या येईलच असे नाही, कारण चुकीचा सहसंबंधही दिसण्यात बरोबर असतो.

२४ एप्रिल २०२० रोजी निघालेल्या ४.० आवृत्तीत हे गृहीत बदलण्यात आले. आता वरील आज्ञेने वर्षे यथास्थित मिळतात, ‘अज्ञात’ची जागा रिक्त राहते व तशी सूचनाही मिळते. उलटपक्षी, वर्ग आपोआप होतील ह्या भरवशावर लिहिलेल्या जुन्या आज्ञावली अडू लागल्या. तत्पूर्वी २०१९ मधील ३.६ आवृत्तीत यादृच्छिक नमुना निवडण्याची रीत बदलली होती. त्यामुळे तेच बीज दिले तरी नमुना निराळा येऊ लागला. सामग्री तीच, आज्ञा तीच. परंतु आवृत्तिभेदामुळे फल भिन्न.

मराठी सामग्रीत आणखी एक काळजी हवी. वर्गांचा क्रम अक्षरक्रमाने लागतो व पहिला वर्ग सामान्यतः तुलनेचा आधार ठरतो. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘व’च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे. तेव्हा क्रम यंत्रावर न सोपवता स्वतः नमूद करणे श्रेयस्कर.

ह्या इतिहासातून निघणारे नियम थोडके आहेत. अभ्यासकाने स्तंभाचा प्रकार स्पष्ट लिहावा, रूपांतरानंतर काही नोंदी मूळ तक्त्याशी ताडून पाहाव्यात आणि निबंधात प्रणालीची व तिच्या पूरक संचांची आवृत्ती द्यावी. व्यवस्थापकाने नवी आवृत्ती बसविताना जुनी काढून टाकू नये. दोन्ही शेजारी ठेवाव्यात, बदलाची पूर्वसूचना द्यावी व चालू संशोधनातील एखादी आज्ञावली दोहोंवर चालवून पाहावी. हस्तलिखिताचा पाठ देताना आपण प्रतीचा निर्देश करतो. आकड्यांचा पाठ देतानाही तोच दंडक पाळणे उचित होय.