तोदा : इब्री उपासनेंतील उपकारस्तुति व सभेपुढील साक्ष

इब्री ‘तोदा’ या शब्दास मराठी बायबलांत ‘उपकारस्तुति’ असा प्रतिशब्द योजिला आहे. तो अशुद्ध नव्हे, पण अपुरा आहे. मूळ धातूचा अर्थ ‘उघड मान्य करणें’ असाहि आहे. आपल्या ‘स्तु’ धातूंत ती छटा नाहीं. यहोशवाच्या ग्रंथांत (७:१९) आखानास चोरी कबूल करण्याची आज्ञा होते, तेथेंहि ‘तोदा’ हाच शब्द आहे. म्हणजे तोदा ही लोकांपुढें दिलेली जबानी होय. याच नांवाचा एक यज्ञहि होता.

त्याचा विधि लेवीय ग्रंथाच्या सातव्या अध्यायांत आहे. नवसाच्या शांत्यर्पणाचें मांस दुसऱ्या दिवशींहि चाले. तोदाचें मात्र त्याच दिवशीं संपलें पाहिजे. मिश्नेच्या मनाहोथ प्रकरणांत त्यासोबत ४० भाकरी सांगितल्या आहेत : बेखमीर तीन प्रकारच्या दहा-दहा, खमिराच्या दहा. प्रत्येक प्रकारची एक याजकास दिली कीं ३६ उरत. याजकांचा वांटा वगळला तरी पशूचें मांस आणि ३६ भाकरी एकट्या यजमानानें एका दिवसांत संपवाव्या कशा? पंगत बसविणें भागच होतें. अबार्बानेल (१४३७–१५०८) या भाष्यकारानें हाच हेतु सांगितला आहे : आप्तेष्ट जमावेत व घडलेला उपकार त्यांच्या कानीं जावा.

२२ वें स्तोत्र आक्रोशानें सुरू होतें आणि एकाएकीं सभेपुढील स्तुतीकडे वळतें. पुढें दीनजन जेवून तृप्त होतात. हें वळण कित्येकांस विसंगत वाटतें. पंगत ध्यानांत घेतली म्हणजे तसें वाटत नाहीं. १०७ व्या स्तोत्रांत वाट चुकलेले, बंदिवान, आजारी व दर्यावर्दी यांच्या सुटकेच्या हकीकती आहेत. तालमूदानें याच चौघांस आभाराचें बंधन घातलें.

इ. स. ७० मध्यें मंदिर पडलें व यज्ञ थांबले. साक्ष मात्र राहिली : संकटांतून सुटलेला यहुदी आजहि दहा जणांच्या सभेंत आशीर्वचन म्हणतो व सभा प्रत्युत्तर देते.

पोथ्यांच्या संग्राहकांस एक स्थळ दाखवावेंसें वाटतें. १९४७ सालीं उजेडांत आलेल्या कुमरानच्या ‘होदायोथ’ गुंडाळींत अनेक सूक्तें याच धातूच्या प्रथमपुरुषी रूपानें आरंभतात. तेराव्या स्तंभाच्या २२ व्या ओळींत मात्र तें रूप टिंबें देऊन रद्द केलें असून वर ‘तूं धन्य’ या अर्थाचे शब्द लिहिले आहेत. ‘मी’ची साक्ष मागें सरून ठराविक आशीर्वचन पुढें येत होतें काय? एका दुरुस्तीवरून तसें ठरविणें धाडसाचें होईल. टिंबांमधील मूळ शब्द अद्याप वाचतां येतो.